एक रिंग, दोन रिंगा

काटेमास्तरांना ‘अहो’ म्हणणारं माणूस दोन वर्षांपूर्वी गेलं. तेव्हापासून ते सगळ्या जगाचे नुसते काटेमास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे आणि खरे असले तर तसा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. औषधाच्या कारखान्यातला चिमूटभर पूड मोजणारा काटा असो, नाहीतर अख्खा भरलेला ट्रक ज्याच्यावर उभा राहतो तो भुईकाटा असो, मास्तरांनी एकदा हात लावला की त्याची खोटं बोलायची हिंमत होत नसे. माणसांशी बोलायचं म्हटलं मात्र, की यांचीच गाडी पहिल्या गियरच्या पुढे जात नसे.

तर या मास्तरांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कंपनीनं सांगितलं की तुमची शाखा बंद होतेय. एकतर घरी बसा, नाहीतर देशाच्या दुसऱ्या टोकाला नवी कार्यशाळा निघालीय, तिकडे जा. मास्तरांनी तिकडे जातो म्हणून सांगितलं. सतराशे किलोमीटर, चार दिवसांचा रस्ता. विमानानं जा, सामान ट्रकनं पाठवू, असं साहेब म्हणाले होते. पण मास्तरांकडे पितळी वजनांची एक लाकडी पेटी होती, आणि ती पेटी परक्या माणसाच्या हातात देणं म्हणजे त्यांच्या लेखी तान्हं मूल रस्त्यावर ठेवून येणं. ती वजनं बोटांनीसुद्धा उचलायची नसतात, चिमट्यानं उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं. अशी पेटी तो ट्रकवाला आपटणार, आणि वर म्हणणार, काही झालं नाही साहेब.

म्हणून मास्तर आपल्या चौदा वर्षांच्या जुन्या गाडीनं निघाले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, मास्तरांचं मागच्या सीटवर होतं. अकरा खोकी. बाकीचं घर त्यांनी वाटून टाकलं होतं. खोक्यांवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: भांडी, कपडे, अवजारं, कागद. उरलेल्या सातांवर ‘इतर’. बायको असती तर म्हणाली असती, अहो, सात सात इतर? मग मुख्य काय होतं आपल्याकडे? पण ती नव्हती, म्हणून सातही इतरच राहिली. आणि पुढच्या सीटवर, जिथे ती बसायची तिथे, वजनांची पेटी पट्टा लावून बसवलेली.

चार दिवसांत मास्तर किती बोलले असतील? टोलनाक्यावर ‘सुट्टे नाहीत’, पंपावर ‘फुल्ल करा’, लॉजवर ‘एकटाच’. हा शेवटचा शब्द त्यांना तीन रात्री तीन काउंटरांवर सांगावा लागला. तिसऱ्या काउंटरवरच्या पोरीनं तर दोनदा विचारलं, की बरोबर कुणी नाही ना? मास्तर म्हणाले, पेटी आहे. ती हसली नाही. मास्तर विनोद करायला गेले की हे असंच व्हायचं.

आता रिंगांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मास्तरांची सगळी नोकरी फिरतीची. आज या गावातला भुईकाटा, उद्या त्या गावातला. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्या काळी लांबचा फोन लावायचा म्हणजे बूथवर रांग, आणि लागला तरी बोलायचं काय, हा मास्तरांपुढचा खरा प्रश्न. म्हणून नवराबायकोनं एक खूण ठरवली. मुक्कामी पोचलं की घरच्या फोनवर दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे पोचलो. फोन उचलायचा नाही. आणि एकच रिंग दिली, तर काहीतरी अडचण आहे, माझ्याशी बोला. घरात फोन वाजायला लागला की छोटी ठमी, म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक, धावत यायची आणि तिची आई तिचा हात धरून ठेवायची. ‘उचलू नकोस. मोज.’ ठमी मोजायची. एक. दोन. मग शांत. ‘बाबा पोचले,’ ठमी सांगायची, आणि त्या घरात दिवा मालवला जायचा.

सव्वीस वर्षांत मास्तरांनी एक रिंग कधी दिली नाही. एकदा भुईकाट्याच्या खड्ड्यात पडून पायाचं हाड मोडलं, तेव्हासुद्धा प्लास्टर घालून दोनच दिल्या. पोचलो ना, मग झालं तर, असं त्यांचं म्हणणं. पुढे खिशात मोबाइल आला, फोन लावणं म्हणजे डाव्या हाताचा मळ झाला, तरी यांच्या रिंगा दोनच. घरी आले की बायको विचारायची, ‘तिकडे करमतं का हो तुम्हाला?’ मास्तर म्हणायचे, ‘कामात कसलं करमायचं आणि कसलं न करमायचं.’ तिला स्वतःला करमायचं की नाही, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. सुचलंच नाही, दुसरं काय.

या खुणेत एक खोट होती, आणि काट्यातली केसाएवढी खोट शोधणाऱ्या माणसाला ती सव्वीस वर्षं दिसली नाही. दोन रिंगा देणाऱ्याला, त्या कुणी ऐकल्या की नाही, ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मास्तर एका गावी पोचले, घरी दोन रिंगा दिल्या, आणि निवांत झोपले. त्या रिंगा रिकाम्या घरात वाजल्या. त्याच संध्याकाळी बायकोला छातीत कळ आली होती, माहेरी आलेली ठमी तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी ठमी फोन लावत राहिली आणि मास्तर दिवसभर भुईकाट्याखालच्या खड्ड्यात. खड्ड्यात उतरलेल्या माणसाला रेंज कुठली? संध्याकाळी वर आले, तेव्हा उशीर झाला होता. त्यावर ठमी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलली ती चार महिन्यांपूर्वी. शाखा बंद होतेय कळल्यावर तिनं फोन केला, ‘बाबा, पुरे झालं आता. आमच्याकडे या. वरची खोली रिकामीच आहे.’

‘मी काय अडगळ आहे, वरच्या खोलीत टाकायला?’ मास्तर म्हणाले. असं म्हणायचं नव्हतं त्यांना. पण माणसांशी बोलताना त्यांचा काटा नेहमी एका बाजूला झुकायचा.

‘तिथे कोण आहे तुमचं? चार अनोळखी माणसं आमच्यापेक्षा जवळची आहेत का?’

‘तुझी आई असती तर असं बोलायची तुझी छाती झाली नसती.’

मग ठमी शांतपणे म्हणाली, ‘आई होती तेव्हा तुम्ही कुठे होतात? मला बाप नव्हता, बाबा. मला दोन रिंगा होत्या.’

मास्तरांनी फोन ठेवला. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. खाण तशी माती, कुणीच माघार घेईना. मधल्यामध्ये बिचारा जावई आठवड्याला एक निरोप पाठवायचा, ‘तब्येत?’ मास्तर लिहायचे, ‘ठीक.’ नव्या जागेचा पत्ताही त्यानंच मागून घेतला होता. निघायच्या दिवशी त्याचा एक निरोप जास्तीचा आला: ‘रस्त्यात आमचं गाव लागतं.’ त्यावर मास्तरांनी काहीच लिहिलं नाही.

लागणारच होतं. चौथ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला लांबून फाटा दिसला. डावीकडे गावात जाणारा रस्ता, उजवीकडे बायपास. मास्तरांनी वेग कमी केला, इतका की मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. डावीकडे वळलं की अकरा किलोमीटरवर ठमीचं घर. आत्ता ती जेवायला घरी आलेली असणार. दार उघडेल. मग? ‘आलो’ म्हणायचं? चार महिन्यांनी, जाता जाता, वाटेत लागलं म्हणून? मागच्या ट्रकनं पुन्हा भोंगा वाजवला, आणि मास्तर उजवीकडे गेले.

बायपास संपतो तिथे एक चहाची टपरी होती. मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. चहा मागवला आणि घेतला नाही. फोन काढला. आदल्या रात्रीच्या लॉजवर चार्जर भिंतीतच राहिला होता, बॅटरी जेमतेम दोन टक्के. ठमीचं नाव काढलं आणि बटण दाबलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण बोलायचं होतं, एवढं नक्की. पलीकडे एक रिंग गेली. आणि दुसरी जायच्या आत मास्तरांनी फोन तोडला. काट्यावर शिक्का मारायला निघालेला माणूस दारातूनच परत फिरावा, तसं झालं. तेवढ्यात बॅटरी संपली आणि फोन बंद पडला. मास्तरांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि गाडी चालू केली.

पुढचे सात तास रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना सपाट रान, मधूनच एखादं गोदाम, एखादी पेट्रोलची टाकी. इतका लांबचा प्रवास संपत आला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मास्तरांना वाटलं नाही. अजून शंभर किलोमीटर, अजून साठ, अजून वीस, असे आकडे कमी होत गेले तसा त्यांचा पाय जड होत गेला. रस्त्यावर होते तोवर ते कुठेतरी निघालेले होते. पोचल्यावर ते फक्त तिथे असणार होते.

कार्यशाळा गावाबाहेर होती. लांबट पत्र्याची इमारत, पुढे लोखंडी फाटक, मागे कामगारांसाठी सहा खोल्या. त्यातल्या पाच अजून रिकाम्या. फाटकावरच्या संध्याकाळच्या पहारेकऱ्यानं वहीत सही घेतली, किल्ली दिली आणि विचारलं, ‘किती जण?’

‘एकटाच,’ मास्तर म्हणाले. चौथ्यांदा.

खोलीत लोखंडी खाट, भिंतीत एक कपाट, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. मास्तरांनी पहिल्यांदा पेटी वर आणली आणि टेबलावर ठेवली. नव्या जागी आणलेली वजनं लगेच वापरायची नसतात. खोलीची हवा त्यांना लागू द्यावी लागते, रात्रभर तरी निवू द्यावं लागतं. तोवर ती खरं सांगत नाहीत. मग अकरा खेपा घालून त्यांनी खोकी वर आणली. दमले. खाटेवर बसले आणि हात आपोआप खिशाकडे गेला. पोचलो, दोन रिंगा द्यायच्या.

कुणाला?

घरचा तो नंबर गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः अर्ज देऊन बंद केला होता. पण सव्वीस वर्षांची सवय. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? बंद फोन हातात धरून ते बसून राहिले. एवढ्या मोठ्या देशात, हा माणूस आता पोचला असेल का, असं कुणाच्याही मनात येत नसणार, हे त्यांना तेव्हा स्वच्छ कळलं. फार वाईट वाटलं. कुणी बघायला नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते वाटू दिलं.

एक जुना चार्जर होता, कुठल्यातरी ‘इतर’मध्ये. मास्तरांनी पहिलं खोकं फोडलं. दुसरं फोडलं. तिसऱ्यात, बायकोच्या शालीत गुंडाळलेला, घरचा जुना फोन निघाला. रिसीव्हरवर ठमीनं लहानपणी चिकटवलेलं बदकाचं चित्र, अर्धं खरवडलेलं. हे कशाला घेतलं, त्यांचं त्यांनाच कळेना. फोन मांडीवर घेऊन ते बदकाकडे बघत बसले, आणि कानात आवाज आला. उचलू नकोस. मोज.

दोन म्हणजे पोचलो.

एक म्हणजे अडचण.

मास्तर ताडकन उठले. दुपारी आपण एक रिंग दिली. सव्वीस वर्षांत कधी दिली नाही ती दिली, आणि फोन बंद पडला.

ते जिना उतरून फाटकाशी गेले. पहारेकऱ्याचा चार्जर निघाला, तो दुसऱ्याच तोंडाचा. त्याच्या फोनवरून लावावा म्हटलं, तर लेकीचा नंबर पाठ नाही. चारशे भुईकाट्यांचे नंबर या माणसाला तोंडपाठ, पोटच्या पोरीचा नाही. जावयाचा तर नाहीच नाही.

‘गावात मिळेल चार्जर,’ पहारेकरी म्हणाला. ‘आठ किलोमीटर आहे. नऊपर्यंत दुकानं उघडी असतात.’

मास्तर गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली. फाटक उघडायला पहारेकरी उठला, आणि यांनी किल्ली पुन्हा उलटी फिरवली.

दमलो म्हणून, असं त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं असं होतं, की फोन चालू होईल आणि ठमीचा एकही फोन आलेला नसेल. ती मोजायची विसरली असेल. त्या रिंगेचा अर्थ लावणारं जगात कुणी उरलं नसेल. हे कळण्यापेक्षा बंद फोन बरा. निदान बंद फोनमध्ये दोन्ही गोष्टी शक्य होत्या. मास्तर वर गेले आणि खाटेवर पडले. पंख्याचा आवाज त्यांच्या जुन्या घरच्या पंख्यापेक्षा वेगळा होता, तो त्यांनी बराच वेळ ऐकला.

सकाळी आठ वाजता फाटकावर दुसरा पहारेकरी. हा बोलघेवडा. त्याचा चार्जर मात्र बरोबर तोंडाचा निघाला. मास्तरांनी फोन त्याच्या हातात दिला. ‘लावून ठेवा. चालू नका करू.’

‘चालू का नको?’

‘नको म्हटलं ना.’

‘बरं बाबा,’ पहारेकरी म्हणाला. ‘तुमचा फोन, तुमची वीज नाही, पण फोन तुमचा.’

कार्यशाळेत तीन कारागीर होते, तिघंही तिशीच्या आतले. नवा म्हातारा कसा निघतो ते बघायला तिघं हाताची घडी घालून उभे. मास्तरांनी हातमोजे चढवले, पेटी उघडली, चिमटा घेतला. नाजूक काट्याची काचपेटी अजून आलेली नव्हती, काटा उघड्या टेबलावर मांडला होता. मास्तरांनी पहिलं वजन ठेवलं, आकडा स्थिर व्हायची वाट बघू लागले. आकडा काही बसेना, शेवटचा अंक थरथरत राहिला. साडेनऊच्या सुमाराची गोष्ट. समोरचं मोठं काचेचं दार सताड उघडं होतं आणि बाहेरून वारा येत होता. मास्तर अंगणाकडे पाठ करून वाकले होते.

तेवढ्यात फाटकावरची घंटा वाजली. एकदा. आणि मग एकदा.

‘चहा तर अकराला असतो,’ एक कारागीर म्हणाला.

‘पारडं हलतंय,’ मास्तर मान वर न करता म्हणाले. ‘दार लावा ते.’

कारागिरानं दार लावलं. वारा थांबला. अंक बसला. मास्तरांनी वहीत आकडा लिहिला आणि दुसरं वजन उचललं. मग तिसरं, चौथं. दीड तासात त्यांनी त्या काट्याची खोट शोधून काढली, तशी तिघांनी घड्या सोडल्या आणि जवळ सरकून बघायला लागले. फार दिवसांनी मास्तरांना हातात काहीतरी असल्यासारखं वाटलं.

अकराला ते चहाचा पेला घेऊन फाटकाकडे गेले. पहारेकरी त्यांची वाटच बघत होता.

‘काय हो, घंटा ऐकली नाहीत का?’

‘ऐकली. कसली होती?’

‘तुमच्याचसाठी. एक बाई आल्या होत्या. गाडी घेऊन, एकट्याच. डोळे लाल, रात्रभर गाडी चालवल्यासारख्या. काटेमास्तर इथे पोचलेत का, म्हणाल्या. म्हटलं पोचलेत की, काल संध्याकाळीच, आत कामाला लागलेत. ठीक आहेत ना, विचारलं. म्हटलं, ठणठणीत. मग इथेच खाली बसल्या, या दगडावर. मी पाणी दिलं.’

मास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला.

‘मग तुमची गाडी कुठली विचारलं. दाखवली. सगळ्या बाजूंनी फिरून बघितली त्यांनी, कुठे ठोकर लागलीय का असं. मी म्हटलं बोलावतो त्यांना, तर नको म्हणाल्या. दारातून दिसत होतात ना तुम्ही, पाठमोरे. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कामात आहेत. असू दे. म्हटलं, निरोप काय देऊ? तर म्हणे, घंटा दोनदा वाजवा, त्यांना कळेल. आता मला काय कळणार त्यात? वाजवली दोनदा.’

‘मग?’

‘मग काय, तुम्ही दारच लावून घेतलंत.’ पहारेकऱ्यानं खांदे उडवले. ‘तरी थांबल्या हो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तुम्ही बाहेर येताय का बघत. मग गेल्या. आता तास झाला असेल, जास्तच. कोण त्या?’

मास्तरांनी पेला दगडावर ठेवला, पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन वायर ओढली आणि फोन चालू केला. जरा वेळ काहीच झालं नाही. मग तो हातात थरथरायला लागला आणि थांबेना. ठमी, दुपारी बारा वाजून सतरा. ठमी, बारा अठरा. ठमी, बारा वीस. ठमी, ठमी, ठमी. मध्ये जावयाचे. एकूण एकोणसाठ. आणि जावयाचा एक निरोप, संध्याकाळचा: ‘बाबा, एकच रिंग आली म्हणून ती निघाली आहे. ऐकत नाही. रस्त्यानं प्रत्येक टपरीवर विचारत येते आहे.’

विसरली नव्हती. पहिल्याच रिंगेला, पहिल्याच मिनिटाला तिनं मोजलं होतं.

मास्तर पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसले. लेक रात्रभर रस्ता चाळत आली, बाप जिवंत आहे एवढं बघितलं, पोचले म्हणून दोनदा घंटा वाजवली. आणि बापानं वारा लागतो म्हणून दार लावून घेतलं. रिकाम्या घरात रिंगा वाजल्या म्हणजे काय होतं, ते पोरीला दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. बापाला आज, इथे, या स्टुलावर कळलं. त्यांना रडू आलं, ते त्यांनी पहारेकऱ्यासमोरच येऊ दिलं. पहारेकरी बोलघेवडा खरा, पण तो उठून बाहेर गेला.

आता फोन लावून काय सांगायचं? चुकलो म्हणायचं? पोचलो म्हणायचं? पोचलो ते तिनं बघितलंच होतं. ठीक आहे म्हणायचं? ठीक, ठीक, असं लिहून लिहून तो शब्द पार गुळगुळीत झाला होता.

मास्तरांनी ठमीचं नाव काढलं आणि बटण दाबलं. एक रिंग गेली. त्यांनी फोन तोडला. या वेळी चुकून नाही.

आणि फोनकडे बघत बसले. एक मिनिट गेलं असेल, फार तर दीड. एवढ्या वेळात त्यांच्या मनात काय काय आलं ते सांगून संपायचं नाही. फोन वाजला. मास्तरांनी मोजलं नाही, पहिल्याच रिंगेला उचलला.

‘बाबा?’ पलीकडे गाड्यांचा आवाज होता, ती रस्त्याच्या कडेला थांबली होती. ‘काय झालं? काही अडचण आहे का?’

‘आहे,’ मास्तर म्हणाले.

‘काय?’

पितळेचं वजन चिमट्यानं उचलावं, तसा मास्तरांनी तो शब्द जपून उचलला.

‘मला करमत नाही गं.’

पलीकडून ठमीनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि गाडी चालू केल्याचा.

‘पुढे वळायला जागा दिसली की वळते,’ ती म्हणाली. ‘तास लागेल. फाटकाशी आले की दोन रिंगा देते.’

‘नको,’ मास्तर म्हणाले. ‘मी फाटकातच बसलोय.’